यशवंत घाडगे आणि त्याचे सोबती
(१० जुलै रोजी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



आज १० जुलै. लावणीचे दिवस आहेत, आणि तरीही भाताच्या मुठी बांधावर ठेवून तुम्ही येथे येऊन बसलात, ह्याबद्दल आम्ही प्रथम तुमचे आभार मानतो. पावसाने उसंत दिली तर भाषण थोडे लांबेल, न दिली तर आखडते घेऊ. शेत कोणासाठी थांबत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

१९४४ साली ह्याच तारखेस, असाच आषाढ चालू असता, आपल्या कोकणातला एक पोरगा हजारो कोसांवर इटली देशात पडला. त्याचे नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा त्या वेळचा कुलाबा, आताचा रायगड. माणगाव म्हटले की आपल्या मंडळींस दुसरेच माणगाव आठवते. १९२० साली शाहू छत्रपतींनी जेथे परिषदेत डॉ. आंबेडकरांचा हात धरून सर्वांपुढे उभे केले, ते माणगाव कोल्हापूरकडचे. हे कुलाब्याचे. तेथे तहसील कचेरीपाशी ह्या पोराचा पुतळा उभा आहे. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणारी माणसे रोज त्याच्यासमोरून जातात. त्यांतल्या कितीकांनी थांबून खालची अक्षरे वाचली असतील, हा हिशेब ज्याने त्याने आपल्याशी करावा. आम्हीही बरीच वर्षे न थांबणाऱ्यांतलेच होतो.

यशवंताचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तो आठवडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १७ तारखेस विलायतेचा युवराज मुंबईच्या बंदरात उतरला. १९ तारखेस पुण्यास भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, त्याच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसली. त्या कामी शाहू महाराजांनी केवढा जिवाचा आटापिटा केला होता, ते आपल्या चळवळीतील जुन्या घरांत अजून सांगतात. त्याच दिवशी पहिल्या महायुद्धात पडलेल्या मराठा शिपायांच्या स्मारकाचाही दगड बसला. पुण्यात मागच्या लढाईतल्या मेलेल्यांसाठी चुना कालवला जात होता, आणि पुढच्या लढाईत मरायचे होते ते पोर पळसगावात तीन दिवसांचे होते. आपल्या रीतीने बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे त्या दिवशी त्याला अजून नावही पडले नसेल.

आणखी एक योग पाहा. त्याच १८ नोव्हेंबरला नगर जिल्ह्यात निमज गावी नामदेव जाधव जन्मास आले. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई झाले, दोघेही इटलीत लढले, दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वांत मोठे पदक मिळाले. नामदेवांनी ते १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदीच्या लढाईत मिळवले, जिवंत घरी आले, आणि १९८४ पर्यंत जगले. दोन दिवसांनी थोरला तो बावीस वर्षांचाच राहिला.

आता तुम्ही विचाराल, हा पोरगा फौजेत गेला कशाला? सरकारी पुस्तकांत ह्याचे उत्तर ठरलेले असे. म्हणे ही लढाऊ जात; तलवार ह्यांच्या रक्तातच आहे. असे कोणी म्हटले की आपली छाती फुगते, आणि फुगलेल्या छातीच्या माणसास खिशात काय आहे ते दिसत नाही. कुलाबा आणि रत्नागिरी ह्या दोन जिल्ह्यांत तेव्हा खोती होती. डोंगरउताराची वरकस जमीन, भाताची चार वावरे, ती भावांत वाटून दोन, आणि पिकले की खोताचा माणूस खळ्यावर हजर. ह्याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नांगर खाली ठेवला आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३९ पर्यंत उचलला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधिमंडळात खोती मोडण्याचे बिल आणले. तो संप सुरू झाला तेव्हा यशवंत बाराव्या वर्षात होता आणि मिटला तेव्हा सतरा-अठराचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. तोवर त्यास जाऊन पाच वर्षे झाली होती. अशा मुलखातल्या जवानास दोनच वाटा होत्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. रक्तात तलवार असेल वा नसेल. घरात मनिऑर्डर येणे जरूर होते.

तो ज्या पलटणीत होता ती तिसरी पलटण. हिचे जुने नाव ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, कूट येथे वेढ्यात सापडली. महिनोनमहिने उपासमार काढून १९१६ च्या एप्रिलात सगळी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. पुढे १९४१ साली ह्याच पलटणीने आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर इटालियन फौजेशी झुंज दिली. इटलीने १९४३ च्या सप्टेंबरात शस्त्र ठेवले, तेव्हा जर्मनांनी तो देश बळकावला. मग कालच्या शत्रूच्या देशातून जर्मन हाकलण्यासाठी आपली पोरे डोंगरामागून डोंगर चढू लागली. रोम शहर ४ जून १९४४ रोजी पडले. जर्मन मागे हटत होते, पण प्रत्येक टेकडीवर मशीनगन मांडून, रस्त्यात सुरुंग पेरून हटत होते. जुलैच्या आरंभी दहावी हिंदी डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचली. मोंतोने नावाचे टेकडीवरचे जुने गाव त्या भागातले.

१० जुलैला यशवंत नाईक म्हणून एक तुकडी घेऊन पुढे चालला होता. तुकडी म्हणजे आठ-दहा माणसे. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. क्षणात त्याची सगळी माणसे एक तर मेली, नाहीतर जखमी होऊन पडली. उभा राहिला तो एकटा.

इथे एखादा मागे सरकला असता तर कोणी दोष दिला नसता. यशवंत सरळ त्या मशीनगनवर धावून गेला. प्रथम हातबॉंब टाकला. गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग दुसऱ्यास गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने हाणून मारले. त्या मोर्चावर कोणी उरला नाही. तेवढ्यात लपून बसलेल्या जर्मन निशाणबाजांनी त्यास टिपले आणि तो तेथेच पडला. हे सर्व घडण्यास, विडी ओढायला लागतो त्याहून अधिक वेळ लागला नसेल.

सांगताना हे सोपे वाटते. गोष्ट ऐकताना पोरे टाळ्या पिटतात. पण दस्त्याने माणूस मारणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्याच्या हातांसच ठाऊक. पलीकडची ती दोन पोरेही कोणा आईचीच होती. यशवंताची थोरवी आम्ही त्या मारण्यात धरीत नाही. पाठीमागे आपली माणसे पडली आहेत, कण्हत आहेत, आणि ती गन चालू राहिली तर जखमींतला एकही जगत नाही, हे ज्यास त्या घटकेस कळले आणि कळताच ज्याने पाय उचलला, त्यास आम्ही मोठा म्हणतो. दरोडा पडला असता दारात उभा राहणारा गडी जसा, तसा हा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पदक जाहीर झाले. ते त्याच्या मागे राहिलेल्या बायकोच्या हाती आले. त्याची कबर कोठे आहे ते ठाऊक नाही. इटलीतील कासिनो येथे एक स्मारक आहे. कबर न सापडलेल्या चार हजारांवर माणसांची नावे तेथे कोरलेली आहेत, त्यांत यशवंताचे नाव आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज मुद्दाम उभे राहिलो, तिच्याकडे येतो. त्या तुकडीतले बाकीचे कोण?

पदकाच्या सरकारी मजकुरात त्यांचा उल्लेख एवढाच की नायक सोडून सगळे मेले वा जखमी झाले. नाव एकाचेही नाही. आम्ही यशवंताचा मान रतीभरही कमी करीत नाही. पण तोच आज उठून आला आणि आपण त्यास हार घातला, तर तो पहिल्याने काय विचारील? आमची समजूत अशी की तो आपल्या माणसांची नावे घेईल. ज्यांच्यासाठी तो धावला ते आम्हांस माहीत नसावेत, आणि तो का धावला ह्यावर आम्ही व्याख्याने द्यावीत, हे काही बरे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या मेलेल्यांची नावे निदान दगडावर आली. पहिल्या महायुद्धात ते भाग्यही सर्वांच्या वाट्यास आले नाही. इराकात बसरा येथे सरकारने स्मारक बांधले. चाळीस हजारांवर मेलेल्यांचे ते स्मारक. तेथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. हिंदी अंमलदाराचे नाव कोरले. आणि हिंदी शिपायाचे? पलटणीचे नाव लिहून खाली आकडा घातला. अमुक पलटणीचे आणखी इतके शिपाई, बस्स. कूटच्या आसपास आणि पुढे कैदेत जी मराठ्यांची पोरे मेली, त्यांच्या घरी कोणी नाव घेतले असेल तेवढेच. सरकारच्या दगडात त्यांची बेरीज झाली.

हे आम्ही रागाच्या भरात बोलत नाही. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच २०२१ साली अहवाल काढून हे कबूल केले आणि माफी मागितली. त्या अहवालाचा अंदाज असा की, ४५ ते ५४ हजार हिंदी, आफ्रिकी, मिसरी इत्यादी माणसांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही. आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कोठे आलीच नाहीत, किंवा त्यांची दखलच घेतली गेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक झाली असे लिहून देणारे निघाले. आपल्याकडे चुकीची कबुली इतक्या लवकरही मिळत नाही!

कारण साहेबाचा दोष पदरात घालून आपण मोकळे होऊ लागलो, तर आम्ही तुम्हांस तुमच्या गावच्या भिंतीपाशी नेऊ. साताऱ्याकडे, कोकणात, पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. १९१४ च्या महायुद्धास ह्या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावर मजकूर. आकडे आहेत, नाव एकही नाही. ती पाटी साहेबाने बसवली खरी. पण पाटी बसली तेव्हा त्या पोरांचे आईबाप गावातच होते, भाऊबंद होते, पाटील होते, नावे लिहून देईल असा कुलकर्णी होता. ‘नाव घाला’ असे म्हणणारा कोणी निघाला नाही. म्हणणार कोण? १९२१ च्या खानेसुमारीत ह्या देशात शंभरांत सातच माणसे लिहिणारी-वाचणारी होती, आणि ते सात कोणत्या आळीत राहत, हे तुम्हांस सांगावयास नको. पोराचे पत्र आले तर ते वाचून घेण्यासाठी बापास दुसऱ्याच्या ओट्याखाली उभे राहावे लागे. मेल्याची तारसुद्धा परक्याच्या तोंडून कळे. जोतीराव फुल्यांनी विद्येवाचून शूद्रांचे काय काय गेले ते सांगितले. त्या यादीत आम्ही भीत भीत एक ओळ घालतो: विद्येवाचून मेलेल्या पोराचे नावही गेले.

येथे सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट मंडळी बसली आहेत. तुमची कथा तर आणखी मागे पडली. पहिल्या महायुद्धात ह्या देशातून पावणेनऊ लाखांवर लढाऊ आणि त्याशिवाय साडेपाच लाखांवर बिनलढाऊ माणसे भरती झाली. खेचरे हाकणारे, पाणी भरणारे भिस्ती, नाल ठोकणारे, जिनाचे चामडे शिवणारे, आजाऱ्यांच्या डोल्या वाहणारे. गोळी त्यांस ओळखून वगळीत नव्हती, तापाची साथही वगळीत नव्हती. पण पोवाडा रचला जातो तो तलवारीचा. नालाचा पोवाडा आम्ही तरी ऐकलेला नाही.

आणि आमच्या महार बंधूंचे काय झाले? कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत ते पिढ्यान्‌पिढ्या लढले. नंतर त्यांची भरतीच बंद केली, कारण ते म्हणे लढाऊ जातीत बसत नाहीत! ह्याच कुलाबा जिल्ह्यात महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, जोतीरावांच्या चळवळीतले आणि स्वतः फौजेचे पेन्शनर, ह्यांनी ह्या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. १९१७ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारास महारांचे शौर्य एकदम आठवले. १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, आणि १९२१ साली ती मोडून टाकली. पुन्हा लढाई आली, पुन्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी केली. गरज लागली की लढाऊ, गरज सरली की गावकुसाबाहेर. ‘लढाऊ जात’ ह्या शब्दाचे मोल ह्यावरून ठरवा, आणि यशवंताच्या निमित्ताने कोणी आपल्या जातीचा तोरा मिरवू लागला तर त्यास हे सांगा.

आमच्या बोलण्यावर एक आक्षेप हटकून येतो. ती लढाई इंग्रजांची. पगारासाठी गेलेल्यांचे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयाने हा देश लढाईत पडल्याचे जाहीर केले तेव्हा ह्या देशातल्या एकाही माणसास विचारले नव्हते. पंचवीस लाख माणसे त्या फौजेत गेली, ८७ हजारांच्या आसपास मेली. पण ‘पगारासाठी गेला’ असे नाक मुरडून म्हणणाऱ्यास आम्ही एवढेच विचारतो, की बाबा, कचेरीत लेखणी चालवणारा इंग्रजांची नोकरी कशासाठी करीत होता? शाईने केलेली नोकरी तेवढी देशाची, आणि रक्ताने केलेली भाडोत्री, हा न्याय कोठला? आणि यशवंताच्या समोर कोण होते तेही पाहावे. मोंतोनेच्या आसपासच गुब्बिओ नावाचे शहर आहे. तेथे २२ जून १९४४ रोजी, म्हणजे यशवंत पडण्यापूर्वी अठराच दिवस आधी, जर्मनांनी सूड म्हणून चाळीस नागरिकांस गोळ्या घातल्या. त्या खोऱ्यातल्या लोकांस पळसगावच्या पोराने कोणाची चाकरी पत्करली ह्याच्याशी कर्तव्य नव्हते. जर्मन गेले, एवढे त्यांस पुरेसे होते.

ते लोकही तुमच्याआमच्यासारखेच. त्या उंब्रिया प्रांतात तेव्हा बहुतेक जमीन अर्धेलीने कसली जाई. कुळाने राबावे, निम्मे पीक मालकाच्या वाड्यात घालावे. कूळ मालकाच्याच शेतघरात राहणार. तेथे असे नवे करार कायद्याने बंद झाले ते १९६४ साली, आपल्याकडची खोती गेल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी. जुलै म्हणजे तिकडे गहू कापण्याचा महिना. खोतीच्या मुलखातला पोरगा अर्धेलीच्या मुलखात कापणीच्या दिवसांत पडला, आणि इकडे त्याच्या गावची शेते लावणीने हिरवी होत होती.

आणि बंधूंनो, त्या मोंतोनेकरांनी त्यास आठवणीत ठेवले. २०२३ साली त्या गावच्या पंचायतीने आणि तिकडच्या इतिहासकारांनी मिळून यशवंत घाडग्याच्या नावाने स्मारक उभे केले. स्मारक म्हणजे पुतळा नव्हे. उन्हाच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ, छायायंत्र. त्यावर लॅटिन भाषेत वचन आहे. त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. इटलीत एकंदर ५,७८२ हिंदी शिपाई पडले, त्या सर्वांच्या आदरार्थ ते उभे आहे. ज्यांची भाषा त्यास येत नव्हती, ज्यांनी त्याचे गाव नकाशावरही पाहिले नाही, त्यांनी एवढे केले.

आता आमची एक मागणी आहे आणि मग आम्ही खाली बसतो. वर्गणी मागत नाही, घाबरू नका. घरी गेल्यावर पेटारा उघडा. एखाद्या जुन्या सदऱ्याच्या घडीत पितळी बिल्ला असेल, पेन्शनीचा पिवळा पडलेला कागद असेल, पलटणीचे डिस्चार्ज-बुक असेल. ते जाळू नका, मोडीत देऊ नका. थोरल्या म्हातारीस विचारा, आपल्या भावकीतला कोण लढाईस गेला होता, परत आला की नाही. शिपाई असो, भिस्ती असो, नालबंद असो. त्याचे नाव, बापाचे नाव, आणि आईचे नावसुद्धा लिहा. सरकारी कागदात आईचे नाव बहुधा सापडत नाही. कोणत्या पलटणीत होता, कोठे गेला, काय झाले, जेवढे आठवेल तेवढेच लिहा. पदरचे घालू नका. शौर्य नसले तरी चालेल. तापाने मेला असेल तर तापाने मेला असे लिहा. म्हातारीने सांगावे, नातीने लिहावे. कागद आमच्याकडे पोहोचते करा. येतील तसतशी नावे ह्या पत्रात छापू, आणि गावची पाटी असेल तेथे त्या पाटीखाली ती लावण्याची परवानगी ग्रामपंचायतीकडे मागू.

ज्याच्या घरी काहीच सापडणार नाही, त्याने गावच्या पाटीवरचा आकडा तरी उतरवून आणावा. मग किती नावे मिळाली आणि किती राहिली, ते आम्हांस मोजता येईल.

पाऊस आला. उठा.